गोवा विद्यापीठ: कुठल्या कामासाठी कुठल्या दारात?

बारावीनंतर बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.ला प्रवेश हवा असेल, तर ताळगावच्या पठारावर जाऊ नका. गोवा विद्यापीठ तिथेच आहे, पण तुमचा अर्ज तिथे कोणी घेणार नाही. तो कॉलेजात द्यायचा असतो. पेडणे, सत्तरी, काणकोणहून दोन-दोन बस बदलून आलेले पालक प्रशासकीय इमारतीच्या दारातून परत फिरतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. मार्कलिस्टवर नाव विद्यापीठाचं, बातम्या विद्यापीठाच्या, पदवीवर सहीसुद्धा कुलगुरूंची. मग प्रवेशच तेवढा दुसरीकडे का, हा प्रश्न पडणारच.

याचं उत्तर नियमांच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा इतिहासात लवकर सापडतं. म्हणून आधी तो थोडक्यात सांगतो. तो कळला की कुठलं काम कुठे होतं, हे पाठ करावं लागत नाही.

आधी कॉलेजं, मग विद्यापीठ

पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या शतकात गोव्यात पदवी देणारं विद्यापीठ नव्हतं. १८४२ साली पणजीत वैद्यकीय शाळा निघाली, ती आशियातल्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांपैकी एक. बांबोळीचं आजचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, तिचाच वारसा सांगतं. शालेय शिक्षणासाठी पणजीचं लिसेव होतं. त्यापुढे साहित्य, विज्ञान किंवा वाणिज्य शिकायचं म्हणजे घर सोडायचं. ऐपतदार घरातली मुलं पोर्तुगालला जात. मराठी शाळेत शिकलेली मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाडची वाट धरत, आणि त्यातली बरीच तिकडचीच होऊन राहत.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि १९६२ सालीच पणजीत धेंपे, तर मडगावात चौगुले कॉलेज सुरू झालं. दोन्हींच्या मागे खाण उद्योगातली घराणी होती. तेव्हाच्या गोव्यात एवढा पैसा दुसऱ्या कोणाकडे असणार? मग १९६३ला म्हापशाचं सेंट झेवियर, १९६४ला नुवेचं मुलींसाठीचं कार्मेल, १९६७ला फोंड्याजवळ फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज. ही सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. पेपर मुंबईचा, निकाल मुंबईचा, पदवीही मुंबईची. पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठी मुंबई विद्यापीठाने पणजीत एक केंद्र चालवलं होतं.

गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४चा आणि प्रत्यक्ष कारभार १ जून १९८५पासूनचा. गोवा तेव्हा दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. घटकराज्य झालं ३० मे १९८७ला. म्हणजे विद्यापीठ राज्याहून दोन वर्षांनी वडील. मुंबईचं ते पदव्युत्तर केंद्र नव्या विद्यापीठात विलीन झालं आणि गोव्यातली कॉलेजं मुंबईकडून त्याच्याकडे आली. पहिले कुलगुरू बी. शेख अली हे इतिहासाचे अभ्यासक. मंगळूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून नवं विद्यापीठ उभं करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यांच्यानंतर प्रशासकीय सेवेतून आलेले पद्माकर दुभाषी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. गोव्यात पदवीचं शिक्षण विद्यापीठ जन्मायच्या आधी तेवीस वर्षं कॉलेजांत चालू होतं. विद्यापीठ उगवलं ते पदव्युत्तर केंद्रातून. त्यामुळे आजही ढोबळ विभागणी तीच आहे: पदवी कॉलेजात, एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी. मुख्यतः पठारावर. पठारावर अलीकडे काही एकात्मिक अभ्यासक्रम आले आहेत, पण बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांचा विद्यापीठाशी संबंध येतो तो कॉलेजमार्फतच.

पहिलं पाऊल: संस्था नक्की कोणाची ते बघा

गोव्यात शिकवणारी प्रत्येक मोठी संस्था गोवा विद्यापीठाची नाही. झुआरीनगरचं बिट्स, कुंकळ्ळीची एनआयटी, आयआयटी आणि गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट यांचा कारभार पूर्ण वेगळा. सगळ्यात जास्त गोंधळ फर्मागुडीला होतो. तिथलं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज गोवा विद्यापीठाला संलग्न आहे, आणि २०१६ला सुरू झालेल्या आयआयटी गोव्याने आपलं बस्तान त्याच आवारात बसवलं. फाटक एक, प्रवेशाच्या वाटा दोन, पदव्याही दोन. आयआयटीचा रस्ता जेईईतून जातो. संलग्न इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश पर्वरीचं तंत्रशिक्षण संचालनालय हाताळतं. वैद्यकीयला नीट. यांपैकी कशासाठीही पठारावर खेटे घालून उपयोग नाही.

संलग्न कॉलेजांतही दोन प्रकार आहेत. मडगावचं चौगुले २०१४पासून स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं, पदवी मात्र गोवा विद्यापीठाचीच मिळते. बाकीच्या बहुतेक कॉलेजांत अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा. स्वायत्त कॉलेजातून साध्या कॉलेजात किंवा उलट बदली घ्यायचा विचार मनात असेल, तर विषय जुळतात का हे आधी बघा. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर हे कळलं तर फार धावपळ होते.

दुसरं पाऊल: कॉलेजचा प्रवेश आणि त्याचे कागद

सीमेपलीकडून, म्हणजे सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडून येणाऱ्यांना एक फरक आधी सांगायला हवा. महाराष्ट्रात अकरावी-बारावी बऱ्याचदा कॉलेजाच्याच इमारतीत, ज्युनियर कॉलेज म्हणून चालते. गोव्यात ती हायर सेकंडरी स्कूलमध्ये असते, गोवा बोर्डाच्या हाताखाली. त्यामुळे इथे ‘आमच्याच कॉलेजात पुढे गेलो’ असं सहसा होत नाही. बारावीनंतर प्रत्येकाला नवा अर्ज, नवी रांग.

अर्जासोबत बारावीची मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार, फोटो आणि लागू असेल तर जातीचा दाखला. याशिवाय एक कागद लागू शकतो आणि अडतो तोच: रहिवासी दाखला. आरक्षित जागा, सरकारी योजना आणि व्यावसायिक अभ्यासक्रम यांसाठी गोव्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा मागतात आणि तो मामलेदार कचेरीतून आणावा लागतो. निकालानंतर अख्खा तालुका एकाच वेळी तिथे लोटतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्येच, परीक्षा चालू असताना, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी हे काम उरकून घ्यावं. माझ्या मते सगळ्या प्रवेशप्रक्रियेत वेळ वाचवणारी एवढी एकच गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात असते.

दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आलेल्यांना मायग्रेशन आणि एलिजिबिलिटी असे दोन आणखी कागद लागतात. मायग्रेशन म्हणजे जुनं बोर्ड किंवा विद्यापीठ सोडल्याचा दाखला, तो जुनी संस्था देते. एलिजिबिलिटी म्हणजे तुमची आधीची परीक्षा इथे मान्य आहे, हा गोवा विद्यापीठाचा निर्वाळा. सिंधुदुर्गातली कॉलेजं अजूनही मुंबई विद्यापीठाची आहेत. तिथून बी.ए. करून पणजीला एम.ए.ला येणाऱ्याला मुंबईचं मायग्रेशन लागतं आणि ते कणकवलीत किंवा सावंतवाडीत हातोहात मिळत नाही. अर्ज लवकर टाका.

कॉलेज निवडताना नावापेक्षा अंतर बघा, हे माझं मत अनेकांना पटत नाही. पण साखळी, खांडोळा, केपे इथली सरकारी कॉलेजं आणि पेडण्यात विर्नोड्याचं संत सोहिरोबानाथ आंबिये महाविद्यालय ही मुळात गावाकडच्या मुलांसाठीच उभी राहिली. विर्नोड्याला दहा मिनिटांत पोहोचणाऱ्या मुलीने रोज पणजी गाठायची, ती फक्त कॉलेजचं नाव मोठं म्हणून? त्यात वाचनालयात बसायचे तास बसमध्ये जातात. हवा असलेला विषय जवळच्या कॉलेजात नसेल, तर गोष्ट वेगळी.

पैशाची अडचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. शिष्यवृत्त्यांसाठी पर्वरीचं उच्च शिक्षण संचालनालय आणि समाजकल्याण खातं. हीही कामं विद्यापीठाची नव्हेत.

तिसरं पाऊल: आजची पदवी वाचायला शिका

ज्यांनी नव्वदच्या दशकात बी.कॉम. केलं त्या आईबाबांना आताची मार्कलिस्ट परकी वाटते. २०२३-२४पासून गोव्यातल्या कॉलेजांत नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू झाला. वर्षात दोन सत्रं, प्रत्येक सत्रात वीसच्या आसपास क्रेडिट. वर्गात शिकवण्याचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट तास. तीन वर्षांत १२० क्रेडिट झाली की पदवी, चार वर्षांत १६० झाली की ऑनर्स. मध्येच सोडावं लागलं तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा मिळू शकतो, पण त्यासाठी उन्हाळ्यात चार जादा क्रेडिटचा व्यवसायाभिमुख भाग करावा लागतो. हे शेवटचं वाक्य कॉलेजच्या पत्रकात बारीक अक्षरात असतं.

विषयांची नावंही बदलली. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय. त्याशिवाय दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, भाषेचा, कौशल्याचा आणि मूल्यशिक्षणाचा. मेजर विचार करून घ्या, कारण पुढे एम.ए. किंवा एम.एस्सी. कशात करता येईल ते त्यावर ठरतं. मायनरच्या बाबतीत मात्र फार डोकं खाजवू नका. वेळापत्रकात बसेल तो आणि ज्याचा शिक्षक चांगला तो. भाषेच्या विषयात मराठी किंवा कोकणी यांपैकी काय मिळतं, हे प्रत्येक कॉलेजात शिक्षक कोण आहेत त्यावर अवलंबून असतं. प्रवेशाच्या दिवशीच विचारा.

तीन वर्षांची पदवी घेतलेल्याला एम.ए. दोन वर्षांचं, चार वर्षांच्या ऑनर्सवाल्याला एक वर्षाचं. चौथ्या वर्षाला राहायचं की नाही, हा निर्णय म्हणून नुसता ‘एक वर्ष वाया’ असा मोजायचा नसतो.

चौथं पाऊल: परीक्षा, पीआर नंबर आणि तक्रार

पहिल्या वर्षी विद्यापीठात नोंदणी होते आणि तुम्हाला कायमचा नोंदणी क्रमांक मिळतो. सगळे त्याला पीआर नंबर म्हणतात. तो आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे तुमची क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा आयडी मोबाईलमध्ये नको, कागदावर लिहून ठेवा. दहा वर्षांनी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, काढायची वेळ आली तर पहिला प्रश्न पीआर नंबरचाच असतो.

गुणांचे दोन भाग: सत्र चालू असताना होणारं मूल्यमापन, म्हणजे आयएसए, आणि सत्राच्या शेवटची परीक्षा, म्हणजे एसईए. आयएसएमध्ये चाचणी, सादरीकरण, असाइनमेंट असं काहीही असू शकतं. नव्या मुलांचा घात इथे होतो. चतुर्थीच्या सुट्टीला घरी गेलं की आठवडा सहज सरतो, आणि परतल्यावर दोन-तीन विषयांच्या आयएसए एकदम अंगावर येतात. हजेरी ७५ टक्के लागते. आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला बरं झाल्या झाल्या द्या, सत्राच्या शेवटी नव्हे.

कोणती परीक्षा कोण घेतं, हे माहीत असलं की तक्रार कुठे न्यायची ते कळतं. सुरुवातीच्या सत्रांची परीक्षा कॉलेजने घ्यायची आणि शेवटच्या सत्रांची विद्यापीठाने, अशी गोव्यातली रीत आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे गुण चुकलेत असं वाटलं तर कॉलेजच्या परीक्षा समितीकडे जा. शेवटच्या वर्षाचं असेल तर फेरतपासणीचा अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे, पण तोही शक्यतो कॉलेजच्या ऑफिसमार्फत. निकालानंतर अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते. आणि अर्ज लेखीच. काउंटरवर तोंडी सांगितलेल्या गोष्टीला सरकारी दरबारी अस्तित्व नसतं.

पाचवं पाऊल: पठारावर, एम.ए.-एम.एस्सी.साठी

आता पठारावर या. चित्रकार आणि वास्तुकार सतीश गुजराल यांनी आखलेलं हे आवार चारशे एकरांहून मोठं आहे. खाली एका बाजूला झुआरीचं मुख दिसतं. पावसाळ्यात वारा असा सुटतो की छत्री उलटी होते, रेनकोटच आणा. पणजीच्या कदंब स्टँडवरून थेट बस आहेत. मडगावकडून येणाऱ्यांनी आपली बस बांबोळीला थांबते का हे चढण्याआधी कंडक्टरला विचारावं, कारण नॉनस्टॉप शटलचं नावच नॉनस्टॉप आहे.

इथली रचना अलीकडे बदलली. पूर्वी विद्याशाखा आणि त्यांखाली विभाग होते; आता ते ‘स्कूल’मध्ये एकत्र आणलेत. भाषांचं स्कूल शणै गोंयबाब यांच्या नावाचं. त्यात कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी, पोर्तुगीज, फ्रेंच. कोकणीसाठी आयुष्यभर झगडलेल्या माणसाच्या नावाखाली मराठीचेही तास होतात. गोव्यातला भाषावाद ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांच्या ओठांवर इथे हसू येतं. एकाच कॉरिडॉरमध्ये दोन्ही भाषांचे विद्यार्थी एकमेकांची पुस्तकं मागून वाचतात, हे मात्र वादाच्या बातम्यांत कधी येत नाही. सामाजिक शास्त्रांचं स्कूल डी. डी. कोसंबींच्या नावाने आहे. ते स्वतः गणिताचे प्राध्यापक, पण प्राचीन भारताच्या इतिहासाकडे बघायची दृष्टी त्यांनी बदलली. कायदा आणि लोकधोरणाचं स्कूल मनोहर पर्रीकरांच्या नावाचं. वाणिज्य, अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि संगणकशास्त्र गोवा बिझनेस स्कूलमध्ये सापडतील, एम.सी.ए.साठी येऊन विज्ञानाच्या इमारतीत शोधत बसू नका. बाकी रसायन, जीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान, भौतिक व उपयोजित विज्ञानं, भूविज्ञान-समुद्र-वातावरण यांची आणि संस्कृत-तत्त्वज्ञानाची स्कूलं.

समुद्रविज्ञान हा इथला खरा बलस्थानाचा विषय. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिची स्थापना १९६६ची, आणि तिथल्या शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली अनेकांनी गोवा विद्यापीठाची पीएच.डी. केली आहे. किनाऱ्याजवळ वाढलेल्या विज्ञानाच्या मुलांनी हा पर्याय निदान एकदा बघावा. बरेच जण केमिस्ट्रीच्या गर्दीत शिरतात, केवळ शेजारचा शिरला म्हणून.

पदव्युत्तर प्रवेशासाठी गेल्या काही वर्षांत विद्यापीठ स्वतःची चाचणी घेतं. तिला जीयू-आर्ट म्हणतात. अर्ज ऑनलाइन. गोवा विद्यापीठाचे पदवीधर आणि बाहेरचे यांच्या जागांचा हिशेब वेगळा असतो, म्हणून त्या वर्षीचं प्रॉस्पेक्टस पूर्ण वाचा, मित्राकडचं गेल्या वर्षीचं नव्हे. वसतिगृहात जागा मोजक्या. नाही मिळाली तर ताळगाव, सांताक्रुझ, बांबोळीला खोल्या बघा. भाडेकरूचा पोलीस पडताळणी फॉर्म घरमालकाने भरायचा असतो, तो भरला का ते विचारून घ्या.

प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात ग्रंथालयाचं कार्ड काढा. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ग्रंथसंग्रह इथे आहे. गोव्याच्या जुन्या कागदपत्रांवर आयुष्य वेचलेल्या या अभ्यासकाचा संग्रह मराठी, इतिहास किंवा पोर्तुगीज शिकणाऱ्याने न बघता जाणं म्हणजे करंटेपणा. शिवाय कोसंबी, कवी बाकीबाब बोरकर, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा, संगीतकार अँथनी गोन्साल्विस अशा नावांची अध्यासनं आहेत. त्यांवर बाहेरचे अभ्यासक आणि कलावंत येऊन शिकवतात, आणि त्यांच्या बऱ्याच व्याख्यानांना विद्यापीठाबाहेरच्या लोकांनाही बसता येतं.

वरचे लोक कोण?

राज्यपाल हे कुलपती. रोजचा कारभार कुलगुरूंचा, कागदपत्रांचा कुलसचिवांचा, निकालांचा परीक्षा नियंत्रकांचा. पैशाचे आणि नेमणुकांचे निर्णय कार्यकारी परिषदेत, अभ्यासाचे विद्या परिषदेत, आणि तुमच्या पुस्तकात कोणता धडा असावा हे विषयाच्या अभ्यास मंडळात ठरतं. विद्यार्थ्याला कुलगुरूंपर्यंत जायची वेळ क्वचित येते. आधी शिक्षक, मग प्रोग्रॅम डायरेक्टर, मग स्कूलचे डीन. या क्रमाने गेलं की काम होतं. क्रम सोडून वर गेलेला अर्ज त्याच क्रमाने खाली येतो.

शेवटी, दोन वेगळ्या रांगा

घरात कोणाची १९८५ आधीची पदवी असेल आणि तिची दुय्यम प्रत किंवा पडताळणी हवी असेल, तर ती मुंबई विद्यापीठाची आहे. चौकशी मुंबईला करायची. परदेशी नोकरी किंवा वारसाहक्काच्या निमित्ताने हे काम अजूनही निघतं.

दुसरी रांग कॉलेजात शिकवू इच्छिणाऱ्यांची. एम.ए. झाल्यावर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते. सेट परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मिळून पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं, तेव्हा जाहिरात त्यांच्याच संकेतस्थळावर बघा. गोव्यात बसून पेपर देता यावा म्हणून फॉर्ममध्ये पणजी केंद्र निवडा. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं धरा आणि कमाल सहा. सुरुवातीला कोर्सवर्क असतं. अर्ज करण्याआधी ज्यांच्याकडे काम करायचंय त्या मार्गदर्शकांकडे जागा शिल्लक आहे का ते विचारा. प्रत्येक मार्गदर्शकाला विद्यार्थ्यांची मर्यादा असते, आणि विषय कितीही चांगला असला तरी ती भरली की पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागतं.